स्वस्त शिकारी रायफलीवर स्कोपचा माउंट: कोणता घ्यावा, कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही न्यू जर्सीत राहता, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आहे. यंदा पेन्सिल्व्हेनियाचा अनिवासी परवाना काढून पोकोनोजच्या रानात हरणाच्या शिकारीला जायचं आहे. साडेचारशे डॉलरला .३०८ विंचेस्टरची पॅकेज रायफल घेतलीत, वर ३-९×४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा) स्कोप आधीच बसवलेला. रेंजवर शंभर यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ पडतात, मग नेम भरकटायला लागतो. पुढच्या आठवड्यात झिरो, म्हणजे गोळी फुलीवर पडावी म्हणून जुळवलेला नेम, पुन्हा तिसरीकडेच. दुकानदार म्हणतो स्कोप बदला, मित्र म्हणतो सी-थ्रू माउंट लावा, रेंजवरचा एक जण म्हणतो २० एमओएची रेल (एमओए हे कोनाचं बारीक माप, रेल म्हणजे एकसंध लांब बेस) घ्या. माउंटवर, म्हणजे स्कोप धरणाऱ्या रिंगा आणि त्यांच्याखाली रायफलीला जोडलेला बेस यांवर, किती पैसे घालावेत, आणि कोणता घ्यावा?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. आज काहीच विकत घेऊ नका. आहे तोच स्कोप पूर्ण उतरवा, बेसचे स्क्रू तपासा, साफ करून नीट बसवा. तरीही झिरो हलला, किंवा बेस-रिंगा अगदीच टाकाऊ निघाल्या, तर ४० ते ७० डॉलरमध्ये साधा, बुटका, न सुटणारा माउंट घ्या. सी-थ्रू नको, २० एमओए नको, झटपट काढता-घालता येणारा क्विक-रिलीज प्रकारही नको.

आमच्या क्लबात हंगामाच्या आधी लोक झिरो करायला रायफली घेऊन येतात आणि मी त्या टेबलावर बसतो. 'स्कोप खराब आहे' म्हणून समोर आलेल्या स्वस्त रायफलींपैकी बहुतेकींचा स्कोप ठीक असतो. आजकालच्या स्वस्त रायफलींच्या नळ्याही चांगल्या असतात. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट, यांतली कुठलीही घ्या, हरणाला पुरेल इतकी अचूकता तिच्यात असते. किंमत कमी ठेवायला कात्री लागते ती दस्त्यात, पॉलिशमध्ये, आणि पॅकेज असेल तर बेस, रिंगा आणि त्या बसवण्याच्या मेहनतीत.

हे किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत बघा. तुमच्या स्कोपच्या दोन रिंगांमध्ये साधारण १३० मिलिमीटर अंतर असेल. पुढची रिंग फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे छपाईच्या एका कागदाच्या जाडीइतकी, बाजूला सरकली, तर शंभर यार्डांवर गोळी ७० मिलिमीटर बाजूला जाते. दोनशे यार्डांवर १४० मिलिमीटर. व्हाइटटेल हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग असतो, तो ढोबळ मानाने २० सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दहाच सेंटिमीटर. एका कागदाच्या जाडीने दोनशे यार्डांवरचं हरीण जागच्या जागी पडण्याऐवजी पोटात गोळी घेऊन रानात निघून जातं आणि तासन्‌तास तडफडतं. माझा या स्क्रूंबद्दलचा आग्रह त्यासाठी आहे. अचूकतेची हौस ही नंतरची गोष्ट.

आता सुरुवात. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, बोल्ट बाहेर काढून ठेवा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग स्कोपला हात लावण्याआधी दस्ता आणि रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग) जोडणारे खालचे दोन मोठे स्क्रू तपासा. ते सैल असतील तर वर सोन्याचा माउंट लावला तरी गोळ्या विखुरतीलच. प्लास्टिकच्या दस्त्यात हे वारंवार सापडतं. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, ते आवळा. पुढचा दस्ता नळीला एका बाजूने टेकतोय का, तेही एक कागद मध्ये सरकवून बघून घ्या.

मग रिंगांच्या टोप्या उघडा, स्कोप बाजूला ठेवा, रिंगा बेसवरून काढा. आता खरी जागा दिसेल. बेस रिसीव्हरवर ज्या स्क्रूंनी धरलेला असतो ते बहुतेक अमेरिकन रायफलींत ६-४८ मापाचे असतात: जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाड, एका इंचात ४८ आटे. प्रत्येक गोळीचा हिसका या चार बारीक स्क्रूंवरून स्कोपपर्यंत जातो. पाना लावून बघा. पाव फेरी सहज फिरला तर तुमच्या भरकटणाऱ्या नेमाचं कारण तिथेच सापडलं. तुम्ही दिलेलं लक्षण, म्हणजे सुरुवातीच्या गोळ्या ठीक आणि मग हळूहळू घसरण, सैल बेसशी चांगलं जुळतं.

स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर त्याच क्रमाने ठेवा. हे किरकोळ वाटतं, पण त्यांची लांबी वेगळी असू शकते. पुढच्या बेसचा सगळ्यात पुढचा स्क्रू जास्त लांब गेला तर तो नळीच्या आट्यांना खाली टेकतो: पान्याला घट्ट लागतो, पण बेस धरलेलाच नसतो. त्याच्या मागचा लांब गेला तर बोल्टचे लग (कुलपासारखे अडकणारे उंचवटे) जिथे फिरतात तिथे त्याचं टोक उतरतं आणि बोल्ट बंद होताना अडकतो. म्हणून बेस बसवून झाल्यावर बोल्ट घाला आणि उघड-बंद करून बघा. अडकला किंवा खरवडल्यासारखा वाटला तर जोर लावू नका. स्क्रू काढा आणि टोकावर चमकलेली जागा दिसते का बघा. दिसली तर तो आखूड हवा आहे.

कारखान्यातून आलेल्या स्क्रूंवर आणि भोकांत गंज न लागण्यासाठीचं तेल असतं. त्याच तेलावर स्क्रू आवळले तर ते सुटायलाच बसवल्यासारखे आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापसाची काडी आट्यांत फिरवा, काडी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. बेसची खालची बाजू आणि रिसीव्हरचा माथाही पुसा. बेस नुसता ठेवून एका बोटाने दोन्ही टोकं दाबून बघा. डुगडुगला तर तो त्या रिसीव्हरचा नाही किंवा खाली धातूचा कीस अडकला आहे. मग स्क्रूच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, एक छोटा थेंब. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. टॉर्क साधारण १५ ते २० इंच-पाउंड, पण तुमच्या बेसच्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा. इथे लागणारा टॉर्क-पाना, उदाहरणार्थ व्हीलरचा फॅट रेंच, एखाद्या क्लबातल्या माणसाकडून मागून आणा. अंदाजाने आवळणारे दोन प्रकारचे: एक सैल ठेवतात, दुसरे ६-४८ चे आटे घालवतात. आटे गेले की बंदूकसाजाकडे नेऊन ते ८-४० ला मोठे करून घ्यावे लागतात.

समजा तुमचे बेस वाकलेले निघाले, किंवा रिंगा दाबल्यासारख्या हलक्या धातूच्या निघाल्या. मग काय घ्यायचं?

तुम्हाला दुकानात दोन नावं सतत दिसतील, वीव्हर आणि पिकाटिनी. विल्यम वीव्हरने १९३० मध्ये स्कोपचा धंदा सुरू केला आणि त्याच्या नावाचा बेस अजून चालतो. पिकाटिनी हे तुमच्याच राज्यातल्या, न्यू जर्सीतल्या, पिकाटिनी आर्सेनलवरून आलेलं नाव. अमेरिकन लष्कराचं ते ठरलेलं माप, 'मिल-स्टँडर्ड १९१३' या क्रमांकाचं, फेब्रुवारी १९९५ मध्ये ठरलं. दिसायला दोन्ही सारखेच. फरक आडव्या खाचेत आहे. वीव्हरची खाच ०.१८० इंच रुंद आणि दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. पिकाटिनीची खाच ०.२०६ इंच आणि अंतर नेमकं. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर सहसा बसतात, पण पिकाटिनीच्या जाड आडव्या बोल्टाच्या रिंगा वीव्हरच्या खाचेत उतरत नाहीत. तुमचे दोन तुकड्यांचे बेस वीव्हर पद्धतीचे असतील तर वीव्हर मापाच्याच रिंगा घ्या. एअरगनच्या आणि .२२ च्या ३/८ इंची रिंगा स्वस्त दिसतात, त्या या बेसवर बसतच नाहीत.

बेस रायफलीच्या मॉडेलचाच हवा, कंपनीचं नाव जुळलं म्हणून घेऊ नका. जुन्या सॅव्हेज ११० चा रिसीव्हर मागे सपाट होता, नव्याचा गोल आहे. एकाचा मागचा बेस दुसऱ्यावर नीट बसत नाही. रेमिंग्टन ७०० ला दोन तुकड्यांचे बेस लाँग आणि शॉर्ट ॲक्शनला, म्हणजे लांब आणि आखूड काडतुसांसाठीच्या रिसीव्हरना, सारखेच चालतात, पण एकसंध रेल दोघांची वेगळी. टिका कंपनीच्या रायफलीचा रिसीव्हर वरूनच १७ मिलिमीटरच्या डव्हटेलचा (तिरक्या कडांचा) आहे, त्यावर थेट बसणाऱ्या रिंगा मिळतात. रुगर अमेरिकनबरोबर कारखान्यातूनच बेस येतो आणि तो बदलायची सहसा गरज पडत नाही.

दोन बेस की एक रेल? मॅगझिन खालून निघणारं असेल, आणि तुमचं तसंच आहे, तर रेल मध्ये येते ही तक्रार उरत नाही. रेलचा फायदा म्हणजे रिंगा पुढे-मागे सरकवायला भरपूर खाचा. आखूड नळीचा स्कोप लाँग ॲक्शनवर, म्हणजे .३०-०६ सारख्या रायफलीवर बसवायचा असेल तर हा फायदा मोठा. तुमच्या .३०८ ला दोन बेसही पुरतात.

माझ्या पसंतीच्या दोन वाटा आहेत. पहिली: रिंग आणि बेस एकाच तुकड्यात असलेला माउंट, टॅली किंवा डीएनझेड कंपनीचा. टॅलीचे दोन वेगळे तुकडे असतात, डीएनझेडचा गेम रीपर अख्खा एकसंध. एक जोड कमी म्हणजे सैल होण्याची एक जागा कमी. वजन कमी, बसतोही खाली. तोटा असा, की स्कोप पुढे-मागे करायला वाव थोडाच मिळतो आणि रायफल बदलली की माउंट फुकट. दुसरी: आहेत त्या वीव्हर बेसवर बरिसच्या सिग्नेचर झी रिंगा. यांच्या आत प्लास्टिकसारखे गोलाकार इन्सर्ट असतात, ते स्वतः फिरून स्कोपच्या नळीला जुळतात. स्वस्त रायफलीच्या माथ्यावरची भोकं कधी किंचित तिरकी असतात. तिथे हे इन्सर्ट ताण पोटात घेतात, स्कोपच्या नळीवर ओरखडा उठत नाही आणि रिंगा घासून सरळ करायची गरज पडत नाही. तुमच्या बाबतीत, बेस शाबूत असतील तर, मी दुसरी वाट धरीन.

विकत घेताना स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटर ते मोजा. ३-९×४० च्या स्वस्त स्कोपची बहुधा एक इंची असते. ३० ची रिंग एक इंची नळीवर आवळून बसवता येत नाही.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पॅकेज रायफलीवर रिंगा बऱ्याचदा गरजेपेक्षा उंच असतात, म्हणजे कुठलाही स्कोप बसावा. पण स्वस्त दस्त्याचा गालाखालचा भाग बुटका असतो. स्कोप उंच गेला की गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, डोळा दर वेळी थोड्या वेगळ्या जागी येतो आणि तुम्ही स्कोपमध्ये काळी चंद्रकोर शोधत बसता, तेवढ्यात हरीण झाडामागे जातं. ४० मिलिमीटरच्या भिंगाला बहुतेक रायफलींवर लो रिंगा पुरतात. भिंगाचं टोक आणि रायफलीची नळी यांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली की झालं. झाकण लावणार असाल तर त्याची जाडी धरा. मागच्या बाजूला बोल्टचा दांडा वर येताना आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला, लागत नाही ना, एवढं बघा. लागला तरच मीडियम घ्या.

सी-थ्रू माउंटला माझा सरळ नकार याच कारणाने आहे. त्याने स्कोप आणखी वर जातो, खालून लोखंडी साइट दिसावी म्हणून. तुमच्या रायफलीवर लोखंडी साइट बहुधा नसेलच. शिवाय उंच पायांवरचा स्कोप प्रत्येक हिसक्याला आणि झाडाच्या फांदीला जास्त जोराने हलतो. दाट झाडीत जवळच्या हरणासाठी स्कोप ३ वर ठेवून चाला, तेवढं दृश्य पुरेसं रुंद असतं.

२० एमओएची रेल पुढे उतरती असते. शंभर यार्डांवर २० एमओए म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. हजार यार्डांच्या निशाणेबाजीला ती लागते. स्वस्त एक इंची स्कोपमध्ये वर-खाली फिरायला आधीच मर्यादित जागा असते. या रेलवर झिरो करण्यातच त्यातली बरीच संपते, आणि आतली स्प्रिंग कडेला जाऊन दाब सोडते. पोकोनोजमध्ये शंभर यार्डांच्या आतबाहेरच्या गोळीसाठी तिचा काहीही उपयोग नाही.

आता बसवणं. रिंगांचे खालचे भाग बेसवर ठेवले की आडवा बोल्ट आवळण्याआधी त्या रायफलीच्या नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा. रायफल हिसक्याने मागे येते, स्कोप आपल्या जडत्वाने जागेवरच राहू बघतो, म्हणजे रायफलीच्या हिशेबाने पुढे सरकतो. रिंग आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असली तर सरकायला जागाच नसते. हे न केल्यामुळे पहिल्या काही गोळ्यांत झिरो एकदम बदललेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

स्कोप आत ठेवा, टोप्या हलक्या लावा, स्कोप सरकेल इतपतच. डोळ्याचं अंतर ठरवताना शिकारीला घालणार तोच जाड कोट अंगात घाला. पेन्सिल्व्हेनियात रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, तेव्हा टी-शर्टवर जुळवलेला स्कोप कोटामुळे डोळ्यापासून दूर गेलेला असतो. स्कोप ९ वर फिरवा, कारण मोठ्या पॉवरला डोळ्याची जागा सगळ्यात नाजूक असते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. गोल पूर्ण आणि स्वच्छ दिसेपर्यंत स्कोप सरकवा. डोळा आणि आयपीस यांत साधारण ९० मिलिमीटर ठेवाच. हलक्या .३०८ चा हिसका जोरदार असतो आणि भुवईवर खोक पडलेले लोक मी पाहिले आहेत.

स्कोपमधली फुली सरळ करायला महागडं यंत्र नको. घरासमोर वीस-तीस यार्डांवर दोरीला वजन बांधून ओळंबा लटकवा, रायफल व्हाइसमध्ये किंवा सँडबॅगवर स्पिरिट लेव्हलने सरळ धरा, आणि स्कोपची उभी रेघ दोरीला जुळवा. शेजाऱ्यांना बंदूक दिसू नये म्हणून हे गॅरेजचं दार अर्धं ओढून करा. मग टोप्यांचे स्क्रू गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे आलटूनपालटून, थोडेथोडे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. १५ ते १८ इंच-पाउंड, त्याहून पुढे नाही. इथे थ्रेडलॉकर लावू नका: ओला थ्रेडलॉकर वंगणासारखा वागतो, त्याच टॉर्कला स्क्रू जास्त दाब देतो आणि स्कोपची नळी पिचते. जुन्या पद्धतीच्या वीव्हर रिंगांत पट्टीची एक बाजू आकड्यात अडकवून दुसरीकडचे स्क्रू आवळतात, तेव्हा स्कोप किंचित फिरतो. तुमच्याकडे तशा असतील तर तेवढं धरून आधीच उलट्या बाजूला फिरवून ठेवा आणि शेवटी ओळंब्यावर पुन्हा बघा.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत, आणि रिंगेवरून स्कोपच्या नळीपर्यंत, नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की काय सैल झालं ते रानातही डोळ्याला दिसतं.

झिरो २५ यार्डांवर सुरू करा. बोल्ट काढून रायफलीच्या नळीतून लक्ष्य बघा, रायफल न हलवता फुली तिथे आणा. स्कोपच्या चकतीचा एक क्लिक पाव एमओएचा असेल तर २५ यार्डांवर एक इंच हलायला १६ क्लिक लागतात, शंभरावर ४. शंभर यार्डांवर १५० ग्रेनची गोळी दोन इंच वर पडू द्या, दोनशेपर्यंत वेगळा हिशेब करावा लागणार नाही. मग नळी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा तीन झाडा. पुढच्या आठवड्यात जाऊन आणखी तीन. दोन्ही वेळा गट एकाच जागी पडला आणि रेघा अखंड राहिल्या, तर माउंटचं काम झालं. रेघा अखंड आहेत पण गट तरीही फिरतोय, तेव्हा दुकानदाराचं ऐका आणि स्कोप वॉरंटीवर परत पाठवा.

वाचणाऱ्यांपैकी कोणी एच-१बी वर असेल तर एक गोष्ट. फेडरल कायद्याने या व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. परवान्याची मुदत संपल्यावर काय होतं, हे रायफल घेण्याआधी वकिलाशी बोलून पक्कं करा. न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला सेंटरफायर रायफल चालत नाही, त्यामुळे ही .३०८ घेऊन तुम्हाला पेन्सिल्व्हेनियातच जायला हवं. गाडीत ती रिकामी, कुलूपबंद पेटीत न्या, आणि पेटी कडक असू द्या. मऊ पिशवीत डिकीतल्या सामानाखाली दबलेल्या स्कोपचा झिरो मुक्कामी पोचल्यावर जवळच्या रेंजवर एकदा तपासूनच रानात शिरा.